महाराजांचे पाच दात

"…पण महाराज, घासायचंच नाही, तर ते पिवळं निघायचं कसं?"

महाराज काही बोलले नाहीत. त्यांच्या तोंडात चहात बुडवलेली चकली होती. ती विरघळेपर्यंत ते कुणाशीच बोलत नसत.

यज्ञेश्वर ताटकळला.

"सांगा ना, महाराज."

चकली अजून विरघळत होती.

"मी आरशात बघितलंय. हिरडीच्या कडेला, दातागणिक पिवळी रेघ. रोज घासतो. रोज तिथंच असते. उलट रुंद होत चाललीय."

महाराजांनी चकली गिळली.

"घासल्यावर रुंद होते?"

"हो."

"मग तू काय करतोस?"

"अजून घासतो."

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी परातीत पीठ मळत होते.

"माझ्याकडे काय बघता," मी म्हटलं, "शिष्य तुमचा आहे."

मी द्वारका. कासारखेड्याच्या मठात एकवीस वर्षं चूल सांभाळते. ज्ञान, वैराग्य असलं काही मला विचारू नका. कुणाला काय चावतं आणि कुणाला काय चावत नाही, एवढं मला बरोबर कळतं.

भिकोबा महाराजांचं वय तेव्हा चौऱ्याऐंशी. तोंडात दात पाच. वर दोन, खाली तीन, आणि एकाची दुसऱ्याशी गाठ पडत नाही. तरी त्यांना चकली लागायची. तीही कुरकुरीत. मग ती कुरकुरीत चकली ते चहात बुडवून मऊ करायचे. एकदा मी मुद्दाम मऊ चकली केली, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

यज्ञेश्वर त्यांचा पट्टशिष्य. वय सेहेचाळीस. पूर्वी शाळेत मुलांना कवायत शिकवायचा. ती नोकरी सोडून मठात आला, त्याला सात वर्षं झाली होती. माणूस सरळ, आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. पण अंगात स्वच्छतेचं वारं शिरलेलं. तीनदा अंघोळ. ओट्यावर पाण्याचा थेंब दिसला की कपाळाला आठी.

माझा बिडाचा तवा होता. माझ्या आधीच्या बाईपासूनचा. तेल पिऊन पिऊन काळाभोर झालेला. घावन नुसतं उलथन्याला बघून सुटायचं. एका एकादशीला यज्ञेश्वरानं तो विहिरीवर नेला आणि विटकरीचा तुकडा घेऊन दोन तास घासला. चकचकीत करून आणून दिला. वर म्हणतो कसा, "काकू, किती वर्षांचा मळ होता बघा."

दुसऱ्या दिवशी पंधरा घावनं चिकटली. पंधरा. पंक्तीतल्या लोकांनी लापशी समजून खाल्ली.

"मेल्या, तो मळ नव्हता," मी म्हटलं. "तो तवाच होता."

त्याला काही ते पटलं नाही.

तर अशा माणसाचं दात घासणं कसं असेल. पहाट सरली की तो विहिरीच्या कट्ट्यावर बसायचा. बदामाच्या टरफलांची राखुंडी, त्यात जाडं मीठ, आणि बाजारात मिळेल तो सगळ्यात कडक ब्रश. आणि घासताना नामस्मरण. एका नावाला एक घासा. वर एकशे आठ, खाली एकशे आठ, डावीकडे एकशे आठ, उजवीकडे एकशे आठ. एका दमात दोन्ही कामं होतात, शरीरही शुद्ध आणि वाणीही, असं तो आल्यागेल्याला सांगायचा. नारळ खवल्यासारखा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी त्यावर भात शिजायला लावायची. उजवी बाजू संपली की भात वाफेला आलेला असायचा.

हे सगळं चाललं असतं असंच. पण त्या वर्षी महाराजांनी दसऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "माघी पौर्णिमेच्या उत्सवात मी उभा राहणार नाही. गुडघे राहिले नाहीत. कीर्तन यज्ञेश्वर करील."

आणि चिपळ्या त्याच्या हातात दिल्या. मग माझ्याकडे वळून, त्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "एकदा ह्याचं ऐकून जाईन म्हणतो."

जाईन म्हणजे कुठं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. यज्ञेश्वराचे डोळे भरले. माझेही भरले, पण माझ्यापुढे कांदा होता.

विषय त्याचा त्यानंच निवडला. "हा देह माझा नव्हे." रोज सकाळी मंडपात तालीम. देह देवाचा आहे, मी नुसता रखवालदार, राखायला दिलंय ते राखावं, माझं म्हणू नये… दाखले सुरेख द्यायचा. ऐकत राहावंसं वाटायचं.

कार्तिक संपत आला. थंडी पडली. एका सकाळी तो उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि सूर लावला.

"हा देह माझा न… आई गं."

चिपळ्या खाली पडल्या. दोन्ही हात गालाला.

मी धावले. त्याला बोलताच येईना. थंड हवा दातांना लागली की थेट मस्तकात कळ जात होती. देह माझा नाही म्हणताना गाल मात्र ह्यानं स्वतःचाच धरला होता, हे माझ्या मनात आलंच. पण मी बोलले नाही. त्याचं तोंड बघून माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. श्वास घेतल्याशिवाय सूर लागत नाही आणि श्वास घेतला की कळ. नाकानं घेऊन बघितला, तर अभंगाच्या मध्येच दम संपायचा.

आणि एवढं होऊन त्याचं निदान काय, तर दात स्वच्छ नाहीत म्हणून दुखतात. त्यानं घासे एकशे आठाचे दोनशे सोळा केले. भात करपायला लागला.

तेव्हाच तो चकलीच्या वेळी महाराजांपुढे येऊन बसला आणि ते पिवळं कसं निघायचं म्हणून विचारायला लागला.

"घासू नकोस," महाराज एवढंच म्हणाले होते.

आणि आता तर त्यानं कळसच केला. म्हणाला, "महाराज, राग मानू नका. पण तुमचे स्वतःचे पाचच दात राहिलेत. दातांचं तुम्ही मला काय सांगणार?"

मी पीठ मळायची थांबले.

महाराजांना राग नाही आला. त्यांनी जिभेनं पाचही दात एकदा चाचपून घेतले.

"सत्तावीस शिकवून गेले," म्हणाले.

मग दुसरी चकली चहात सोडली. "तांबोळ्याच्या नातीकडे जा."

तालुक्याला तांबोळ्याचं पानाचं दुकान होतं, अजून आहे. आजोबांनी जन्मभर तालुक्याचे दात रंगवले. नात नसीमा शिकून दातांची डॉक्टर झाली आणि त्याच दुकानाच्या माडीवर दवाखाना घातला. माझी कवळी हिरडीला घासत होती, म्हणून मीही त्याच्याबरोबर एसटीत बसले.

डॉक्टरबाई वयानं लहान. बोलायला गोड, पण ऐकून घेणारी नाही. यज्ञेश्वराला तिनं खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि आत बघितलं.

"काका, तुम्ही उजव्या हातानं घासता."

"कशावरून?"

"डावीकडे जास्त गेलंय."

यज्ञेश्वरानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"हिरड्या वर सरकल्यात," ती म्हणाली. "मुळं उघडी पडलीत. आणि त्या उघड्या मुळांना घासून घासून खाचा पडल्यात. वरच्या चार दातांना फार. हवा तिथं लागते."

"आणि ते पिवळं?"

"तो दातच आहे. आतला. वरचं पांढरं तुम्ही घासून काढलंत, म्हणून तो दिसतो. तुम्हाला तो मळ वाटतो, तुम्ही अजून घासता. मग अजून दिसतो."

"तव्यासारखं," मी शेजारच्या खुर्चीतून म्हटलं. पण माझी कवळी काढून ठेवली होती. कुणालाच काही कळलं नाही.

यज्ञेश्वर म्हणाला, "खाचा भरून टाका."

"नुसत्या खाचा भरल्या, तर मूळ उघडं ते उघडंच राहतं."

"मग हिरडी खाली ओढा."

"नुसती हिरडी ओढली, तर खड्ड्यावर चादर घातल्यासारखं होतं. ती नीट बसत नाही. दोन्ही बरोबर करायचं. खाच भरायची, टाळूतून पातळसा तुकडा काढायचा, तो मुळावर ठेवायचा, हिरडी वरून ओढून टाके घालायचे."

"मग करा. आजच करा. माघी पौर्णिमेला माझं कीर्तन आहे."

"नाही."

"का?"

"हात तोच आहे तुमचा. मी शिवीन आणि तुम्ही उसवाल."

तिनं खणातून दोन हिरवे ब्रश काढले. एकसारखे, मऊ. एक मला दिला, कवळी घासायला. एक त्याला.

"दोन बोटांत धरायचा, पेनसारखा. हिरडीकडून दाताकडे फिरवायचा, आडवा ओढायचा नाही. राखुंडी बंद. एक महिना. मग हा ब्रश घेऊन या. मी तोंडाच्या आधी ब्रश बघते. केस फिसकटलेले दिसले की परत पाठवते. माणूस खोटं बोलतो, काका. ब्रश बोलत नाही."

"महिन्यानं केलं, तर उत्सवापर्यंत बरं होईल?"

"महिन्यानं केलं तर होईल. त्याच्यापुढे गेलं तर मी शब्द देत नाही."

उतरताना यज्ञेश्वर मला म्हणाला, "काका म्हणाली मला."

सगळ्यातलं एवढंच त्याला लागलं होतं.

एक महिना. ऐकायला किती सोपं. पण सात वर्षांची सवय. दोन बोटांत ब्रश धरायचा, नाव घ्यायचा, दुसऱ्या नावाला तिसरं बोट यायचं, पाचव्या नावाला सगळी मूठ. विसाव्या नावापर्यंत कोपर हलायला लागायचं. तो स्वतःच चमकायचा, थांबायचा, परत दोन बोटांत धरायचा. मग आरसा बघायचा. पिवळी रेघ दिसायची. आणि मग विचारूच नका.

आठ दिवसांनी विहिरीवरच्या कोनाड्यात त्याचा ब्रश बघितला. केस चारी दिशांना. खराट्यासारखा.

मी चुगली केली. हो, केली. कीर्तन त्याचं असलं तरी ऐकायचं महाराजांना होतं आणि ते काही दर माघाला आमच्यासाठी थांबणार नव्हते.

महाराजांनी ऐकून घेतलं.

"द्वारके, तुझ्याकडे तसलाच ब्रश आहे ना?"

"आहे. कोरा आहे. मी कवळी बोटानंच धुते."

"आण."

मग यज्ञेश्वराला हाक मारली. "यज्ञा, माझा हात कापतो. उद्यापासून माझे दात तू घासायचे."

यज्ञेश्वराला आकाश ठेंगणं झालं. गुरूच्या मुखाची सेवा. अशी सेवा कुणाला मिळते.

दुसऱ्या दिवशी बघण्यासारखं होतं. कोमट पाणी, धुतलेला पंचा, चूळ टाकायला तस्त. स्वतःचे हात तीनदा धुतले. महाराज ओसरीवर भिंतीला टेकून बसले आणि तोंड उघडलं. यज्ञेश्वरानं हिरवा ब्रश दोन बोटांत धरला. दोनच. पहिल्या दाताला लावताना त्यानं श्वास रोखला होता. लहान लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा हात. मी दारात उभी होते, माझं दूध उतू गेलं.

पाच दातांना चांगला वेळ लागला.

महाराजांनी चूळ भरली.

"नाम घेतलंस?"

यज्ञेश्वर दचकला. "…राहिलं, महाराज."

"मोजलेस?"

"नाही."

"मग लक्ष कुठं होतं?"

"तुमच्या दातांकडे."

"हं," महाराज म्हणाले आणि चहा मागितला.

मला वाटलं, झालं काम. कसलं होतंय. महाराजांचे दात घासून झाले, की हा पंचा झटकून विहिरीवर जायचा, खराटा काढायचा, आणि एकशे आठ. त्याच हातानं. मला संताप यायचा. पंधरा पावलांवर हात बदलतो म्हणजे काय. मी महाराजांना दोनदा सांगितलं. ते दोन्ही वेळा म्हणाले, "बघू."

महिना भरला.

आम्ही परत एसटीत बसलो. माझी कवळी अजून बोलताना टकटक वाजत होती. यज्ञेश्वर खिडकीशी. झोळी मांडीवर घट्ट धरलेली. एक शब्द नाही बोलला. मला वाटलं, घाबरलाय.

डॉक्टरबाईनं हात पुढे केला. "ब्रश?"

त्यानं झोळीतून काढून दिला.

हिरवा. केस सरळ. एकही वाकडा नाही.

"वा, काका," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं."

यज्ञेश्वर खाली बघत होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तोंड उघडलं. मग मिटलं. मला काय करावं ते कळेना. बोलले असते तर कीर्तन गेलं असतं. नाही बोलले तर… टाके घालून तो पुन्हा उसवणारच होता.

तिनंच त्याला खुर्चीत बसवलं. दिवा लावला.

बराच वेळ बघत राहिली. मग दिवा बाजूला केला.

"ओरखडे ताजे आहेत. आज सकाळचे."

यज्ञेश्वरानं झोळी जवळ ओढली.

"ब्रश कुणाचा?"

यज्ञेश्वराचा तो खणखणीत आवाज मला नीट ऐकूसुद्धा आला नाही.

"महाराजांचा."

"त्यांचे दात ते स्वतः घासतात?"

"मी घासतो."

"रोज?"

"रोज."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिनं तो ब्रश पुन्हा हातात घेतला, दिव्याखाली धरला, केसांवरून अंगठा फिरवला.

"मग हात आहे की तुमच्याकडे," म्हणाली. आणि ब्रश त्याला परत दिला. "आठ दिवस देते, काका. नववा दिवस देऊन उपयोग नाही. उत्सवापर्यंत भरून येणार नाही."

परतीच्या एसटीत मी त्याला एक शब्द बोलले नाही. बोलायला पुष्कळ होतं. पण तो झोळी धरून असा बसला होता की मला माझा धाकटा भाऊ आठवला, नापास होऊन घरी आलेला.

आता पुढचं तुम्ही विचारण्याआधी सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. आठ दिवसांनी तो गेला. मी नाही गेले. तिनं ब्रश बघितला, तोंड बघितलं, आणि दोन खेपांना मिळून चारही दात केले. टाळूतून तुकडे काढले, खाचा भरल्या, टाके घातले. पंधरा दिवस त्याला मऊ खिचडी. मऊ खिचडी करून करून मला तांदळाचा वीट आला. माघी पौर्णिमेला तो उभा राहिला. चांगली कडाक्याची थंडी होती. पहिल्या सुराला त्यानं छाती भरून श्वास घेतला, तेव्हा सगळा गाव त्याच्याकडे बघत होता आणि मी एकटी त्याच्या गालाकडे. गाल हलला नाही. सूर असा लागला की मंडपाच्या मागे उभ्या असलेल्या बायकासुद्धा खाली बसल्या. महाराज पुढे, घोंगडीवर, डोळे मिटून. शेवटी त्यांनी पाच दात दाखवले. म्हणजे हसले. मी रडले, आणि त्या दिवशी माझ्यापुढे कांदा नव्हता.

हे सगळं झालं. पण ते ज्या आठ दिवसांमुळे झालं, ते आठ दिवस कशामुळे झाले, ते मी मागे ठेवलंय. पंक्तीत गोड मी नेहमी मागूनच वाढते.

त्या दिवशी एसटीतून उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. महाराज ओसरीवर होते. चकली संपलेली, नुसता चहा राहिला होता. यज्ञेश्वर हातपाय न धुता तसाच वर आला. सात वर्षांत पहिल्यांदा. मी आत जायला हवं होतं. नाही गेले. तांदूळ निवडायला घेतले, निवडलेलेच.

त्यानं झोळीतून एक ब्रश काढून महाराजांपुढे ठेवला. मग विहिरीवर गेला, कोनाड्यातला आपला आणला, आणि शेजारी ठेवला.

"महाराज, मी खोटं बोललो."

"कुणाशी?"

"डॉक्टरबाईंशी. तुमचा ब्रश माझा म्हणून दाखवला."

"फसली?"

"नाही."

"तांबोळ्याची आहे," महाराज म्हणाले. "त्यालाही कुणी शिळं पान ताजं म्हणून देऊ शकत नसे."

यज्ञेश्वर हसला नाही.

"मला हे जमत नाही, महाराज. कीर्तनाला दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. बाहेरचा आणा. मी चिपळ्या…" त्याचा आवाज फाटला. "मला तुम्हाला ऐकवायचं होतं. एकदा. बाकी मला काही नको होतं."

महाराजांनी चहाचा पेला खाली ठेवला. मी तांदळात बोटं घातली, ती तशीच राहिली.

त्यांनी दोन्ही ब्रश उचलले. सरळ केसांचा एका हातात, खराटा दुसऱ्या हातात. आलटून पालटून बघितले.

"हा कुणी वापरला?"

"मी."

"आणि हा?"

"मीच."

"हात कुठला?"

"…हाच."

"दोन्हीला?"

"दोन्हीला."

महाराजांनी सरळ ब्रश त्याच्यापुढे धरला. "मग ह्याला असा अलगद का लावलास?"

"तुमचे दात आहेत, महाराज."

"पाच तर आहेत. त्यातले दोन हलतात."

"असू देत. तुमचे आहेत. त्यांना हात लावायचा म्हणजे… जपून लावावा लागतो. माझा जोर तिथं चालत नाही. चालवावासाच वाटत नाही."

कट्ट्यावर कावळा येऊन बसला, बादलीतलं पाणी प्याला आणि उडाला.

मग त्यांनी खराटा बाजूला ठेवला. सरळ ब्रश यज्ञेश्वराच्या हातात दिला, त्याची मूठ उघडली, आणि ब्रश त्याच्या दोन बोटांत नीट धरवला. आपला कापरा हात पुढे केला आणि त्याची हनुवटी धरली.

"आ कर."

यज्ञेश्वरानं तोंड उघडलं.

महाराज वाकले. आत बघत राहिले. एक दात, दुसरा दात… वरची रांग, खालची रांग. सरकलेल्या हिरड्या, खाचा, पिवळ्या रेघा, सगळं. गाभाऱ्यात वाकून बघतात तसे बघत होते. यज्ञेश्वराच्या डोळ्यांतून पाणी येऊन महाराजांच्या मनगटावर ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"यज्ञा."

त्याला तोंड मिटता येत नव्हतं. तो नुसता हुंकारला.

"हे रे कुणाचे?"